मोटर आणि चेहरा : उपनगरी लोकलची शंभर वर्षं

श्रोतेहो, आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "तत्त्वज्ञानाच्या माणसाने मोटरीवर काय बोलायचं?" शंका रास्त आहे. आयुष्यात आम्ही उघडून पाहिलेली मोटर एकच, घरच्या पंख्याची, आणि ती परत जोडता आली नाही. पण विषय आम्ही मागून घेतला आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून कुर्ल्याला विजेवरची पहिली गाडी निघाली, त्याला शंभर वर्षं झाली. आणि याच सुमाराला अंधेरीच्या विमानतळावर, मंत्रालयाच्या दारात आणि हळूहळू स्टेशनांवरही चेहरा ओळखणारी यंत्रं आपल्याकडे बघू लागली आहेत. एका शोधाने आपल्याला गर्दीत नेऊन सोडलं. दुसरा त्या गर्दीतून आपल्याला वेचून काढायला निघाला आहे. या दोघांना एकत्र ठेवून बघावं, असं आम्हाला वाटलं.

आधी मोटरीकडे जाऊ. १९२५ पूर्वी उपनगरांत गाड्या नव्हत्या असं नाही. १८५३ साली ठाण्यापर्यंत आगगाडी गेली, १८६७ साली विरारहूनही सुरू झाली. पण वाफेच्या इंजिनाला दर मैलावर थांबणं मानवत नाही. थांबायचं, परत वेग घ्यायचा, तोवर पुढचं स्टेशन. शेवटच्या स्टेशनावर इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला न्यायचं, जोडायचं, तोवर फलाट अडकलेला. लांबच्या प्रवासाला हे चालतं. पाच-पाच मिनिटांनी गाडी सोडायची तर चालत नाही.

यावरचा उतारा अमेरिकेत सापडला. फ्रँक स्प्रेग नावाच्या इंजिनिअरने १८९७ मध्ये शिकागोच्या उन्नत रेल्वेवर एक युक्ती केली. पुढे एकच इंजिन लावण्याऐवजी मोटरी गाडीभर वेगवेगळ्या डब्यांखाली वाटून टाकायच्या आणि सगळ्यांवर एकाच माणसाने, एकाच दांड्याने ताबा ठेवायचा. गाडीला दोन्ही टोकांना केबिन. मोटरमन या टोकाकडून उतरून त्या टोकाला गेला की झालं. आपण लोकल म्हणतो ती म्हणजे हीच कल्पना. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी १९२५ साली उद्घाटन केलं ती जी.आय.पी.ची गाडी चार डब्यांची होती आणि १,५०० व्होल्टच्या डीसी विजेवर धावली. १९२८ च्या जानेवारीत बी.बी. अँड सी.आय.ने कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू केली. १९३६ साली ती विरारपर्यंत गेली.

त्या गाड्यांखाली जी मोटर होती तिला सिरीज मोटर म्हणतात. तिच्या दोन्ही गुंडाळ्यांतून, फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या, एकच प्रवाह एकापाठोपाठ जातो. याचा परिणाम गमतीचा आहे. ओझं वाढलं की ती मंदावते, मंदावली की जास्त प्रवाह घेते, आणि जास्त प्रवाह घेतला की जास्त जोर लावते. उभ्या गाडीला हलवताना तिची ताकद सगळ्यात जास्त. म्हणजे गर्दी जितकी, तितकी ही मोटर रेटते. तिला कुणी सांगावं लागत नाही. रेल्वेच्या भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असा एक शब्दप्रयोग आहे, एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. ती सोळा माणसं कोण, हे त्या मोटरीने कधी विचारलं नाही. तिला वजन कळत होतं, माणूस कळत नव्हता. हे वाक्य लक्षात असू द्या, त्याच्याकडे परत यायचं आहे.

तिची दुखणीही होती. फिरत्या भागाला वीज पोचवायची तर कार्बनचे ब्रश तांब्याच्या गोल कॉम्युटेटरवर घासत ठेवावे लागतात. ते झिजतात, ठिणग्या उडतात, काळी भुकटी साचते. वेग आवरायला मध्ये रोधक घालायचे, म्हणजे विकत घेतलेली वीज तापवून हवेत सोडायची. ब्रेक लावला की सगळी गती लोखंडाच्या घर्षणात जळून जायची. आमच्या पिढीला हे ब्रशांचं प्रकरण पुस्तकातून शिकायला लागलं नाही. लोकलच्या डब्यातला पंखा अडायचा तेव्हा कुणीतरी खिशातून कंगवा काढायचा आणि जाळीतून पात्याला टोचायचा. पातं जरा सरकलं, ब्रश नीट टेकला, की पंखा सुरू. कंगवा कुणाचा, वारा कुणाला, हे कुणी बघत नसे.

या गाडीने काय घडवलं ते साल-सनावळीत दिसतं. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा केला तेव्हा साष्टीत गावठाणं होती, कोळीवाडे होते, भाताची खाचरं, मिठागरं होती. १९५० साली मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली, १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत. म्हणजे तीसेक वर्षांत शहर रुळांवरून चालत आलं. फाळणीनंतर आलेले सिंधी-पंजाबी, कच्छी व्यापारी, कोकणातून आलेले गिरणी कामगार, मंगळूरचे हॉटेलवाले, दक्षिणेतले टायपिस्ट असे सगळे एकाच डब्यात.

आता आम्ही तुम्हाला जरा मागे आणि जरा दूर, सातारा जिल्ह्यात नेतो. १९०१ सालची गोष्ट. मसूर नावाचं स्टेशन. चार लहान मुलं चांगले कपडे घालून, पगड्या-टोप्या लावून गाडीतून उतरली. त्यांचे वडील कोरेगावला नोकरीला होते, ते न्यायला येणार होते, पण निरोप पोचला नव्हता. तासभर वाट पाहून झाली. स्टेशनमास्तरने जवळ येऊन चौकशी केली, कपड्यांवरून त्याला ती ब्राह्मणांची मुलं वाटली होती. मुलांनी खरं सांगितलं, आपण महार. त्याचा चेहरा क्षणात बदलला आणि तो मागे सरला. पुढे बैलगाडी मिळेना. दुप्पट पैसे देऊन मिळाली ती, मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. पाण्याशिवाय रात्र काढावी लागली. त्या मुलांतला एक नऊ-दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

इथे नीट बघा. जोवर ओळख पटली नव्हती तोवर ती चार मुलं फक्त मुलं होती. ओळख पटली आणि माणुसकी संपली. सुरक्षेच्या चर्चेत आपण गृहीत धरतो की ओळख पटणं ही चांगलीच गोष्ट. ज्या देशात आडनाव विचारण्यामागे जात विचारायची असते तिथे हे गृहीत धरता येत नाही. उपनगरी लोकलने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट वेग नव्हे. कुणी ओळखत नसलेल्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून, त्याचं नाव न विचारता, रोज तासभर उभं राहता येणं, ही ती गोष्ट. जातपात डब्याबाहेर राहिली असं आम्ही म्हणणार नाही. डब्यातही ग्रुप असतात, भजनी मंडळं असतात, खिडकीवरून भांडणं होतात, आणि घर भाड्याने घ्यायला गेलं की आडनाव आजही विचारलं जातंच. पण गावात जे एका पावलावर विचारलं जायचं ते घाटकोपरच्या फलाटावर विचारायला कुणाला फुरसत नव्हती. ती फुरसत त्या सिरीज मोटरीने काढून घेतली.

मोटरीची पुढची कथा थोडक्यात सांगतो. ब्रश नसलेली मोटर एकोणिसाव्या शतकातच निघाली होती. इटलीत गॅलिलिओ फेरारीस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी १८८० च्या दशकात फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना साकारली. आतल्या भागाला वीज पोचवावीच लागत नाही, बाहेरचं क्षेत्र फिरतं आणि आतला पिंजरा त्याच्या मागे धावतो. साधी, दणकट, झिजायला काही नाही. मग आपल्या लोकलने ती इतकी वर्षं का वापरली नाही? कारण तिचा वेग विजेच्या आवर्तनाला बांधलेला. वेग बदलायचा तर आवर्तन बदलायला हवं, आणि एका सेकंदात हजारो वेळा चालूबंद होणारं, शेकडो अँपिअर पेलणारं बटण कुणाकडे नव्हतं. ते बटण म्हणजे आय.जी.बी.टी. नावाचा अर्धवाहक. त्याच्या जनकांत ज्यांचं नाव घेतात ते बी. जयंत बलिगा मूळचे भारतीय, चेन्नईत जन्मलेले. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९८० च्या आसपास त्यांनी हे काम केलं. २०२४ साली त्यांना फिनलंडचा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या. असो.

२००७ पासून सीमेन्सच्या थ्री-फेज मोटरींच्या जांभळ्या-पांढऱ्या लोकल आल्या त्या याच जोरावर. ब्रेक लावताना याच मोटरी जनित्रं होतात आणि वीज परत तारेत ढकलतात. तीस टक्क्यांच्या आसपास बचत होते असं रेल्वे सांगते. वायरीही बदलल्या. १,५०० व्होल्टऐवजी २५,००० व्होल्टची एसी वीज पश्चिम रेल्वेवर २०१२ पर्यंत, मध्य आणि हार्बरवर २०१५-१६ पर्यंत आली. व्होल्ट सुमारे सतरा पट, म्हणजे तेवढ्याच ताकदीला तारेतून जाणारा प्रवाह सतरावा हिस्सा. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ साली सुरू झाली. मेट्रोच्या डब्यांखाली हवेच्या स्प्रिंगा असतात, त्यांच्या दाबावरून डब्यात किती ओझं आहे ते यंत्रणेला कळतं आणि मोटर तितकाच जोर लावते. मोटर हुशार झाली. तरी तिला अजून वजनच कळतं.

माणूस कळणारं यंत्र दुसऱ्या घराण्यातलं आहे. ते घराणंही आपल्याला अनोळखी नाही. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखायची पद्धत बंगालमध्ये आकाराला आली. विल्यम हर्शेल या कलेक्टरने १८५८ साली एका कंत्राटावर पंजाचा ठसा घेतला, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं, त्यामागचं वर्गीकरणाचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांचं. नाव मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं लागलं. आणि एक योगायोग बघा. ज्या १९२० साली उपनगर जिल्हा झाला त्याच साली कैद्यांची ओळख पटवण्याचा कायदा झाला. तो २०२२ पर्यंत चालला. त्याच्या जागी आलेल्या कायद्यात बुबुळापर्यंत सगळं मोजता येतं आणि ती नोंद ७५ वर्षं ठेवता येते.

चेहऱ्याचं काम संगणकाला द्यायचा पहिला प्रयत्न अमेरिकेत वुडी ब्लेडसो यांनी १९६४-६५ च्या सुमारास केला. फोटोवर डोळ्यांचे कोपरे, ओठांच्या कडा माणूस खुणा करून द्यायचा, संगणक अंतरं मोजायचा. १९७३ साली क्योटोत ताकेओ कानादे यांनी खुणाही यंत्राकडून काढून घेतल्या. १९९१ मध्ये एम.आय.टी.त टर्क आणि पेंटलंड यांनी चेहऱ्याचे अवयव सोडून दिले आणि पूर्ण चित्रालाच आकड्यांची एक रास मानलं. आजची यंत्रं याच वाटेवर पुष्कळ पुढे गेली आहेत. लाखो फोटो दाखवून शिकवलेलं जाळं तुमच्या चेहऱ्याचे शे-पाचशे आकडे करतं. दोन चेहऱ्यांच्या आकड्यांमधलं अंतर एका ठरावीक उंबरठ्याच्या आत असलं की म्हणतं, हा तोच.

"हा तोच" या दोन शब्दांवर आमच्या दर्शनांनी हजार वर्षं वाद घातला आहे, म्हणून इथे आम्हाला तोंड घालायचा थोडा अधिकार आहे. शास्त्रात याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. उदाहरण ठरलेलं, 'तोच हा देवदत्त'. कधी दादरला पाहिलेला देवदत्त आज घाटकोपरच्या पुलावर दिसला. नैयायिक म्हणतात, समोरचं दिसणं आणि मनातला जुना संस्कार मिळून एकच ज्ञान होतं, आणि ते त्या एकाच माणसाचं खरं ज्ञान असतं. बौद्ध म्हणतात, थांबा. कापलेली नखं परत वाढली की आपण 'तीच नखं' म्हणतो. दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला नवी असते, आपण 'तीच ज्योत' म्हणतो. तुमच्या हाती आहे ते फक्त सादृश्य. एकपणा तुम्ही पदरचा घातला.

चेहरा ओळखणारं यंत्र या वादात सोळा आणे बौद्ध आहे. ते फक्त सादृश्य सांगतं, इतकं अंतर, इतका आकडा. नैयायिक असतो तो पडद्यापुढे बसलेला शिपाई. त्याला हिरवा किंवा लाल चौकोन दिसतो आणि तो म्हणतो, "तोच हा." मधली उडी यंत्राने मारलेली नसते.

ती उडी किती महाग पडू शकते याचं साधं गणित करू. विमानतळावर डिजियात्रेत तुम्ही आधी स्वतःहून फोटो देता, आणि नंतर विचारलं जातं की फोटोतला माणूस समोरचाच का. एकाची एकाशी तुलना. ती ऐच्छिकही आहे. स्टेशनावर कॅमेरा लावून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला संशयितांच्या यादीशी ताडून बघणं ही निराळी गोष्ट. समजा यंत्र हजारात एकदाच निरपराध माणसाला यादीतला म्हणतं. ऐकायला छान. अंधेरीसारख्या स्टेशनात दिवसाला पाच लाख माणसं धरली, तर रोज पाचशे निरपराध माणसं अडवली जातील. आणि चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी व्यापारी यंत्रांची तपासणी केली, चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा एवढंच ओळखायचं होतं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शेकड्याला एकाहून कमी, काळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका यंत्राची चूक शेकड्याला चौतीसवर गेली. आपल्या डब्यात कोणते रंग असतात ते सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, आणि कुणीतरी म्हणायलाच हवं, की ११ जुलै २००६ विसरलात काय. विसरलो नाही. संध्याकाळी अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, जोगेश्वरीला, बोरिवलीला, माटुंग्याला, माहीमला. १८० हून अधिक माणसं गेली. फलाटावर कॅमेरे हवेत असं त्यानंतर कुणाला वाटलं तर त्याला आम्ही घाबरट म्हणणार नाही. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर शहरभर कॅमेऱ्यांची योजना झाली, २०१६ पर्यंत साडेचार हजारांहून अधिक बसले. पण त्याच २००६ च्या खटल्याची पुढची गोष्टही सांगायला हवी. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं. कारणांमध्ये मोठं कारण ओळखीचं होतं. साक्षीदारांनी शंभराहून अधिक दिवसांनी चेहरे ओळखल्याचं सांगितलं होतं, ते न्यायालयाला विश्वासार्ह वाटलं नाही. ओळखपरेडही टिकली नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली आहे, तेव्हा प्रकरण संपलेलं नाही. पण एकोणीस वर्षांनंतर, ज्यांची माणसं गेली त्यांना गुन्हेगार कोण ते कळलेलं नाही, आणि काही जणांचं अर्धं आयुष्य तुरुंगात गेलं आहे. माणसाचा डोळाही चुकतो, हे आम्ही यंत्राच्या बाजूने मान्य करतो. फरक इतकाच की साक्षीदाराची उलटतपासणी घेता आली. उंबरठा कुणी ठरवला, किती ठरवला, हे यंत्राला कुठल्या वकिलाने विचारायचं? २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. २०२३ चा व्यक्तिगत माहितीचा कायदा आला, त्यात सरकारी यंत्रणांना सूट द्यायची सोय ठेवली आहे. हे दोन्ही एकत्र कसं नांदतं ते वकील मंडळींनी आम्हाला प्रश्नोत्तरांत समजावून सांगावं.

एक गोष्ट सांगून थांबतो. आम्हा पेन्शनरांना दर नोव्हेंबरला आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो बोटाच्या ठशावर देता येतो, २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही. आम्ही घरी प्रयत्न केला. फोन म्हणाला, डोळे मिटा-उघडा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले आमचे डोळे जरा सावकाश मिटतात. तीन वेळा नापास झालो. नातवाने टेबललँप धरला तेव्हा चौथ्या वेळी आम्ही जिवंत निघालो. हसण्यावारी गेलं.

घाटकोपरच्या आमच्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं हसण्यावारी गेलं नाही. वय पंच्याऐंशी. आयुष्यभर खडू धरून आणि भांडी घासून बोटांच्या रेषा पुसल्या गेलेल्या. बँकेत ठसा जुळेना, चेहराही जुळेना, आधारवरचा फोटो पूर्वीचा, मधल्या काळात अर्धांगाने चेहऱ्याची एक बाजू ओघळलेली. दोन फेऱ्या झाल्या, रिक्षाचं भाडं झालं. खिडकीतली मुलगी त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होती. ती म्हणाली, "बाई, मला दिसतंय हो तुम्ही आहात. पण सिस्टिम नाही म्हणतेय." तिसऱ्या दिवशी तिने वरच्या साहेबांना न विचारता खणातून जुना छापील फॉर्म काढला. बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं, समक्ष पाहिल्याच्या ओळीखाली सही केली आणि शिक्का मारला.

वेळ झाली आहे. ज्यांना लांब जायचं आहे त्यांनी निघावं, बाकीच्यांचे प्रश्न घेऊ.